स्वस्तातली स्पोर्ट्‌स कार, महागातला घाट

इंग्लंडमध्ये दोन लाख रुपयांत २३१ पीएसची स्पोर्ट्‌स कार मिळते. खरंच मिळते. ती इतक्या स्वस्तात का मिळते, ते समजायला मात्र पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात एक अख्खा शनिवार घालवावा लागतो.

माझा मावसभाऊ निनाददादा मँचेस्टरच्या ज्या उपनगरात राहतो त्याचं नावच 'सेल' आहे. डोंबिवलीच्या माणसाने परदेशात जाऊन राहावं तर ते सेलमध्येच, असा जोक मावशीने फॅमिली ग्रुपवर इतक्यांदा टाकलाय की आता त्याला कुणी स्मायलीसुद्धा देत नाही. दादा तिथे एका आयटी कंपनीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, वर्षभराने मृणालवहिनी गेली. २०२५ च्या जूनमध्ये मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहायला होते. फ्रीलान्सर असण्याचा जो काही एक फायदा आहे तो हाच, रजा कुणाकडे मागावी लागत नाही. (पगारही कुणाकडे मागता येत नाही, पण तो विषय वेगळा.)

पोहोचले त्याच रात्री जेवताना दादाने मोबाइल पुढे केला. फोटोत गडद लाल रंगाची, बसक्या बांध्याची, मांजरासारखी दबा धरून बसलेली एक गाडी. माझदा आरएक्स-८, २००५ चं मॉडेल. किंमत १,७५० पौंड. जूनच्या भावाने हिशेब केला तर साधारण दोन लाख रुपये. पुण्यात तेवढ्यात बऱ्यापैकी वापरलेली वॅगन आर येते.

"यात गोम काय आहे?" मी विचारलं.

"सगळीच गोम आहे," वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाली.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदा आठवते, म्हणजे शाळेची बस नाहीतर भाजीचा टेम्पो. पण जपानमध्ये या कंपनीने एक वेगळाच हट्ट धरला होता. जगभरच्या गाड्यांत पिस्टन वर-खाली होतात. फेलिक्स वँकेल नावाच्या जर्मन माणसाने असं इंजिन काढलं की त्यात पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत गरगर फिरतो. जर्मनांनी, अमेरिकनांनी, बऱ्याच जणांनी ते करून बघितलं आणि सोडून दिलं. माझदाने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्टमध्ये ते बसवलं आणि पुढे चिवटपणे करत राहिली. १९९१ मध्ये तर याच जातीच्या इंजिनावर त्यांच्या ७८७बी गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी.

आरएक्स-८ त्याच घराण्यातली. इंजिन फक्त १.३ लिटरचं. मारुती एस्टीमचं इंजिनही १.३ लिटरचंच होतं, पण ही २३१ पीएस काढते आणि ९,००० आरपीएमपर्यंत किंचाळत जाते. वर चार सीट आणि चार दरवाजे. मागचे दोन उलटे उघडतात, जुन्या कपाटाच्या दारांसारखे, आणि तेही पुढचे उघडल्याशिवाय नाही. दादाच्या युक्तिवादाचा सगळा डोलारा या चार दरवाजांवर होता. म्हणजे ती 'फॅमिली कार' आहे.

आता गोम. त्या त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन सील असतात. प्रेशर कुकरच्या रिंगसारखं समजा. रिंग ढिली झाली की वाफ निसटते आणि शिट्टी होत नाही. तसं सील झिजले की कम्प्रेशन जातं, गाडी आधी गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करते, मग सुरूच होत नाही. मग इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधायचं, तीन-चार हजार पौंड. म्हणजे गाडीच्या किमतीच्या दुप्पट. शिवाय हे इंजिन स्वतःहून ऑइल पितं. बिघाड म्हणून नव्हे, त्या सील्सना वंगण मिळावं म्हणून ते तसंच बनवलेलं आहे, त्यामुळे डिपस्टिक सारखी बघावी लागते. ॲव्हरेज विचारू नका. गॅलनला वीस मैल, म्हणजे लिटरला सात किलोमीटर. पेट्रोल तेव्हा लिटरला सव्वा ते दीड पौंडाच्या मध्ये कुठेतरी होतं.

आणि एक गमतीशीर नियम. गाडी थंड असताना सुरू करून लगेच बंद करायची नाही. आत पेट्रोल साचतं आणि मग ती सुरू व्हायला तयार नसते. रविवारी सकाळी गाडी गेटबाहेर काढायची, बंद करायची, बादली-फडकं घेऊन धुवायची, पुन्हा आत घ्यायची, हा जो आपल्या काकालोकांचा साप्ताहिक विधी आहे तो इथे बाद.

माझदाने युरोपात ही गाडी २०१० मध्ये बंद केली, कारण नव्या प्रदूषण नियमांत ती बसेना. दोन वर्षांनी उत्पादनही थांबलं. तेव्हापासून सेकंडहँड बाजारात तिचं असं झालंय, देखणं स्थळ आहे, पण चौकशी केली की सगळे मागे सरतात.

दादाने २००५ चंच मॉडेल का शोधलं, त्यालाही कारण आहे आणि ते मला फार आवडलं. ब्रिटनमध्ये मार्च २००१ ते मार्च २०१७ मध्ये नोंदलेल्या गाड्यांचा रोड टॅक्स धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. आरएक्स-८ त्यात सगळ्यात वरच्या पट्टीत. पण २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना सरकारने 'के' पट्टीवरच थांबवलंय. २०२५-२६ च्या दराने के पट्टी ४३० पौंड, आणि सगळ्यात वरची एम पट्टी ७६० पौंड. म्हणजे तीच गाडी, तेच इंजिन, तोच धूर. नोंदणी चार दिवस उशिरा झाली तर दरवर्षी ३३० पौंड जास्त. त्यामुळे जाहिरातीत ही मंडळी गाडीच्या रंगाआधी नोंदणीची तारीख बघतात.

पण मुळात आताच का? हे मला दुसऱ्या दिवशी वहिनीने सांगितलं, दादा ऑफिसला गेल्यावर.

ब्रिटनमध्ये वर्क व्हिसावर पाच वर्षं काढली की कायम राहण्याचा परवाना मागता येत असे. आयएलआर म्हणतात त्याला. तिथल्या आपल्या लोकांच्या बोलण्यात तो शब्द आपल्याकडच्या 'पझेशन'सारखा येतो. आयएलआर झालं की घर बघू. आयएलआर झालं की आईबाबांना बोलावू. आयएलआर झालं की सोफा बदलू. दादाची पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरणार होती. अर्जाची फी माणशी ३,०२९ पौंड, दोघांची मिळून सात लाख रुपये, ती वेगळी ठेवलेली. आणि मे २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली. त्यात प्रस्ताव होता, पाचाऐवजी दहा वर्षं. आधीपासून तिथे असलेल्यांचं काय, ते तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

"त्या रात्री हा काही बोलला नाही," वहिनी म्हणाली. "आठवड्याने म्हणाला, एक गाडी बघून ठेवलीये. चार वर्षांत याने स्वतःसाठी काय घेतलंय माहितीये? एक रेनकोट."

वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता. घरात तिची एक छोटी, समजूतदार टोयोटा होती, ती राहणारच होती. बाळाच्या आधी मोठी गाडी घेऊ म्हणून साडेचार हजार पौंड बाजूला ठेवले होते, त्यातूनच ही खरेदी व्हायची होती. फ्रिजवर तिने अटी लावल्या होत्या. गाडी, टेस्ट, टॅक्स सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. उरलेले दोन हजार दुरुस्तीसाठी, त्यांना हात लावायचा नाही. आणि कम्प्रेशनचे आकडे नापास आले तर हात हलवत ट्रेनने घरी. माझी नेमणूक तिने निरीक्षक म्हणून केली. "याला तिथे गेल्यावर काही दिसणार नाही. तू बघ. तू नाही म्हणालीस तर नाही."

गाड्यांतलं मला क्लच आणि ब्रेक यापलीकडे काही कळत नाही. पण वहिनीचं म्हणणं, म्हणूनच.

एक रंगीत तालीम आधीच झाली होती. आदल्या आठवड्यात ओल्डममधल्या एका विक्रेत्याकडे दादाने ८०० पौंडांची एक आरएक्स-८ बघितली होती. गेला तेव्हा तिचं बॉनेट गरम होतं, म्हणजे विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली होती. दादाने ती बंद केली, पाच मिनिटं थांबला आणि पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरत राहिला. विक्रेता म्हणाला, बॅटरी वीक आहे. दादा म्हणाला, थँक यू.

ही दुसरी गाडी बक्स्टनला होती. मँचेस्टर पिकॅडिलीहून बक्स्टनची ट्रेन तासाभराची. स्टॉकपोर्टपर्यंत सगळं विटांचं, गोदामांचं. मग व्हेली ब्रिजच्या पुढे डोंगर सुरू होतात आणि गाडी धापा टाकत चढायला लागते. कर्जत-खंडाळ्याची सर नाही, बोगदेही तसे नाहीत, पण हिरवा रंग बघून मला एकदम जुलैतलं कामशेत आठवलं. फरक एवढाच की इथे झाडं नाहीत. नुसतं गवत, दगडी कुंपणांच्या रेघोट्या आणि कुणीतरी सांडल्यासारख्या मेंढ्या.

बक्स्टन साधारण तीनशे मीटर उंचीवर आहे. रोमन लोकांनी इथल्या कोमट झऱ्यांसाठी वस्ती केली, मग अठराव्या शतकात डेव्हनशरच्या पाचव्या ड्यूकने अर्धवर्तुळाकार 'क्रेसेंट' बांधून गावाला हवापाण्याचं ठिकाण करून टाकलं. आपल्या महाबळेश्वर-माथेरानचं जे साहेबांनी केलं, ते आधी त्यांनी स्वतःच्या घरी करून बघितलं होतं तर. बरीच वर्षं ओस पडलेली ती इमारत २०२० मध्ये हॉटेल म्हणून पुन्हा उघडली. तिच्या समोरच सेंट ॲन्स वेल आहे. दगडी चौथऱ्यावर पितळी तोटी, आणि त्यातून अखंड वाहणारं सत्तावीस अंशांचं पाणी. दुकानात बाटलीत मिळणारं बक्स्टनचं पाणी पैसे देऊन प्यायचं आणि इथे गावातल्या आजीबाई पाच लिटरचे कॅन भरून नेताहेत. मी ओंजळीने प्यायले. कोमट. चव काही नाही. पण फुकट आहे म्हटल्यावर बाटली भरून घेतलीच.

गाडीचे मालक सत्तरीचे, निवृत्त. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इतक्या खाली बसणं आणि इतका जड क्लच दाबणं आता जमत नाही म्हणून विकताहेत. त्यांनी आम्हाला आधी चहा दिला आणि मग एक फाइल. अकरा वर्षांची बिलं, तारखेवार. ते दोघं गाडीभोवती फिरत असताना मी त्यांच्या ओट्यावर बसून मोबाइलवर बेरीज केली. ९,४०० पौंड आणि काही पेन्स. पेट्रोल न धरता. म्हणजे दादा दोन लाखांची गाडी घेत होता, आणि तिच्याबरोबर अकरा लाखांची फाइल फुकट.

ब्रिटनमध्ये एक सोय फार छान आहे. तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी पास करावी लागते, आणि नुसता नंबर टाकला की त्या गाडीचा सगळा इतिहास कुणालाही बघता येतो. कधी नापास झाली, कशामुळे, तेव्हा किती मैल झाले होते. मीटर मागे फिरवायची आपल्याकडची कला तिथे पटकन उघडी पडते. या गाडीच्या इतिहासात गंज होता (हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा प्रसाद), एकदा टायर, एकदा हेडलाइट. इंजिनाबद्दल चकार शब्द नाही. पण एमओटीत कम्प्रेशन बघतच नाहीत.

म्हणून दादाने रोटरी इंजिनवाला एक मेकॅनिक बोलावला होता. साधा कम्प्रेशन गेज या इंजिनाला चालत नाही, वेगळं यंत्र लागतं. तो व्हॅन घेऊन आला, १२० पौंड आधी घेतले, गाडी एक चक्कर मारून गरम करून आणली आणि स्पार्क प्लग काढून त्या जागी आपली वायर बसवली. दोन त्रिकोण, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा आकडे. नवी गाडी सव्वाआठ-साडेआठ बारपर्यंत देते, ६.८ च्या खाली गेली की इंजिन संपलं असं समजायचं. गंमत म्हणजे तो गावाची उंचीही आकडेमोडीत धरत होता, कारण डोंगरावर हवा विरळ म्हणून आकडा थोडा कमी येतो.

स्टार्टर फिरला. मालक कुंपणाच्या गुलाबाकडे बघत होते. दादा माझ्याकडे बघत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी बघत होता तसाच.

पुढचा: ७.४, ७.५, ७.३. मागचा: ७.१, ७.२, ७.०.

मी सहाही आकडे वहिनीला पाठवले. तिचं लगेच उत्तर, '७.० कमी नाही का?'

मी मेकॅनिकला तेच विचारलं. तो म्हणाला, कमी आहे, पण पास आहे. नीट वागवलं तर काही वर्षं जाईल, नाही वागवलं तर नाही. मग दोन गोष्टी बजावून सांगितल्या. इग्निशन कॉइल कधीही जाऊ शकतात, त्यांच्यासाठी पैसे ठेवा आणि गेल्यावर तशीच चालवू नका, नाहीतर महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरोबर घेऊन जातील. आणि रोज एकदा, इंजिन गरम झाल्यावर, ९,००० पर्यंत खेचा. न खेचता सांभाळून चालवली की आत काजळी धरते. म्हणजे ही जगातली बहुधा एकमेव म्हातारी, जिला डॉक्टरने पळायला सांगितलंय.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी ही गाडी घेतली नसती. तेवढ्या पैशात मी गोव्यात दोन महिने राहिले असते. पण मला वहिनीने जे बघायला पाठवलं होतं ते सगळं जागेवर होतं. आकडे पास, गंज दिसतोय तेवढाच, मालक खोटं बोलत नाहीयेत, बजेटमध्ये बसतंय. मी वहिनीला लिहिलं, 'माझ्याकडून हो.' दोन मिनिटं 'टायपिंग...' दिसत राहिलं. मग आलं, 'बरं. जेवून निघा.'

कागदपत्रांना अर्धा तास लागला, आरटीओची सवय असलेल्या माणसाला हे बघून रडू येतं. बँकेतून पैसे गेले, लॉगबुकची हिरवी पट्टी फाडून मिळाली, तिच्यावरच्या नंबराने मोबाइलवर रोड टॅक्स भरला. जुन्या मालकाचा टॅक्स नव्याला मिळत नाही, २०१४ पासून तो नियम आहे, त्यामुळे टॅक्स न भरता गाडी हलवायची नाही. विमा वर्षाला ९१० पौंड. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. फोनवरच्या बाईंना दादाने आकडा दोनदा विचारला.

मालकांनी किल्ली देताना सांगितलं, आधी कॅट अँड फिडलवर जा.

बक्स्टनहून मॅकल्सफील्डकडे जाणारा ए-५३७ हा रस्ता मोटरसायकलवाल्यांचा पंढरपूर. उघडा माळ, वळणामागून वळण. माथ्यावर ५१५ मीटरवर 'कॅट अँड फिडल' नावाचं जुनं पब, इंग्लंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच. २०१५ मध्ये ते बंद पडलं, आणि काही वर्षांनी व्हिस्की गाळणाऱ्यांनी येऊन पुन्हा उघडलं. इतके अपघात व्हायचे की हा रस्ता ब्रिटनमधल्या सर्वांत धोकादायक रस्त्यांच्या यादीत वर असायचा. मग मर्यादा ताशी ५० मैल केली आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवले. एका कॅमेऱ्यापासून पुढच्या कॅमेऱ्यापर्यंत किती वेळ लागला त्यावरून दंड. म्हणजे मधेच ब्रेक मारून साळसूद चेहरा करायची सोय नाही. माथ्यापर्यंत गेलो, वारा इतका की दार उघडताना हाताला हिसका बसला. फोटो काढले आणि उलटे फिरलो. तेवढ्यात इंजिन गरम झालं होतं.

स्पॅरोपिटच्या बाजूला रस्ता रिकामा मिळाला तेव्हा दादाने पहिल्या गियरमध्ये पाय दाबला. आवाज सांगणं कठीण आहे. थरथर नाहीच. मिक्सरचा आवाज जसा तीनवर टाकल्यावर चढतो आणि चढतच राहतो तसा काहीसा, पण गोड. काटा आठ हजारांच्या पुढे गेला आणि डॅशबोर्डमधून 'पीप' झालं. गियर बदला, असा तो इशारा. वेग बघितला तर चाळीस मैलांच्या आसपास. या गाडीची खरी गंमत ही. कायद्यात राहूनही तिला पळाल्यासारखं वाटतं. दादा हसायला लागला. नुसता हसत राहिला, काही बोलला नाही.

पुढे विनॅट्स पास. चुनखडीच्या दोन उभ्या कड्यांमधून खाली उतरणारी चिंचोळी खिंड, आपल्याकडे असती तर तोंडाशी मक्याची कणसं आणि माकडं असती. इथे मेंढ्या रस्त्यात बसल्या होत्या. खिंडीतून जावं लागतं कारण शेजारचा मोठा रस्ता उरलाच नाही. ममटॉर नावाचा डोंगर सतत खचतो, त्याचं टोपणनावच थरथरता डोंगर. त्याच्या पोटावरून रस्ता नेला होता, दर काही वर्षांनी तो खाली सरकायचा, पुन्हा बांधायचे. १९७९ मध्ये इंग्रजांनी हात टेकले आणि रस्ता कायमचा सोडून दिला. आम्ही गाडी लावून त्यावर चाललो. डांबराचे पुरुषभर उंचीचे थर उघडे पडलेत, मधली पांढरी रेघ एका ढेकळावर आहे आणि पुढच्या ढेकळावर दोन हात खाली. वरंधा आणि आंबेनळी दर पावसाळ्यात आठवणाऱ्या माणसाला हे बघून वेगळंच वाटतं. हरलो म्हणून पाटी लावून मोकळे झाले!

खाली कॅसलटनमध्ये वहिनीचा आदेश पाळून जेवलो. चीज अँड ओनियन पाय, मोठा, गरम, मिठाला कमी. (मी पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी ठेवते. हसा.) चाळीस मिनिटांनी परत आलो तेव्हा दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती, आणि दोघांनीही ती उच्चारली नाही. इंजिन गरम आहे. ओल्डमच्या गाडीने इथेच दगा दिला होता.

दादाने किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला. एक. दोन. तीन. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. चार. आणि लागली.

"नेहमी एवढा वेळ लागतो का?" मी विचारलं.

"आता आपल्याला कळेल," दादा म्हणाला.

लेडीबोवरच्या धरणाशी थांबलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे बांधून झालं, १९४५ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाने उद्घाटन केलं. खाली डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं बुडाली. दुष्काळात पाणी उतरलं की डरवेंटचे अवशेष वर येतात, उजनीत पळसदेवचं देऊळ येतं तसे. आम्ही पुलाच्या कठड्याला टेकलो होतो. दादा पहिल्यांदाच त्या विषयावर बोलला.

"दहा वर्षं म्हणजे २०३१. बाळ पहिलीत असेल. मी हिशेब केला, चाळीशीपर्यंत मी काहीतरी व्हायची वाट बघत असणार. हे पाचाचं गणित परत पाचावर आलं तरी, मला कळलं ना, की ते असं कुणीही एका दुपारी बदलू शकतं." थोडं थांबून म्हणाला, "बाबांना सांगू नकोस हां, ते म्हणतील पांढरा हत्ती पोसतोय."

काका तीस वर्षं ८:१२ ची लोकल पकडत आले. त्यांनी निवृत्त झाल्यावर घ्यायची म्हणून बुलेटचे पैसे साठवले होते, आणि ते दादाच्या मास्टर्सला गेले. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी म्हटलं, नाही सांगणार.

तिथून ए-५७, स्नेक पास. नाव वळणांवरून पडलं असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे रस्त्यावर स्नेक इन होतं, आणि त्या इनचं नाव डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्याच्या चिन्हातल्या सापावरून. पण वळणांनीही नावाची लाज राखलीये. आधी दाट पाइनची झाडी, मग एकदम उघडा तपकिरी माळ आणि ५१० मीटरवर माथा. हाही रस्ता खचतो. फेब्रुवारी २०२२ च्या वादळांनंतर तर बंदच ठेवावा लागला होता. माथ्यावरून ग्लॉसप दिसतं आणि त्यापलीकडे धुरकट मँचेस्टर. पेट्रोलचा काटा सकाळपासून इतका खाली आला होता की दोघांनीही बघून न बघितल्यासारखं केलं.

सेलला पोहोचलो तेव्हा वहिनी दारात होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं उलटं दार उघडून बघितलं, बाळाची सीट आत कशी जाईल ते हातांनी मोजलं. मधला खांब नसल्याने ती सहज जाते, हे दादाने तीनदा सांगितलं. मग ती पुढे बसली आणि म्हणाली, "चल, तो पीप ऐकव."

मी परत आल्यावरचा हिशेब वहिनी मला दर महिन्याला पाठवत राहिली. एक्सेल शीट आहे तिची. ऑगस्टमध्ये मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे कॉइल गेल्या. प्लग आणि वायरींसकट २९० पौंड. मागचे दोन टायर १९०. चार महिन्यांत १,९०० मैल, पेट्रोलचे ५८३ पौंड. ऑइल वेगळं. दुरुस्तीच्या दोन हजारांतले दीड हजार अजून शिल्लक. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. हॉस्पिटलमध्ये टोयोटाने गेले, पण घरी येताना कुठली गाडी आणली हे मला फोटोत दिसलं. सीट बसली होती. मावशीने ग्रुपवर लिहिलं, 'दार उलटं का उघडतंय?'

जायचं असेल तर: मँचेस्टर पिकॅडिलीहून बक्स्टनच्या ट्रेन दिवसभर असतात, स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर बक्स्टन, विनॅट्स, कॅसलटन, लेडीबोवर, स्नेक पास, ग्लॉसप हा फेरा एका दिवसात आरामात होतो. थांबत थांबत जा. ममटॉरच्या तुटक्या रस्त्यावर चालायला बूट हवेत. हिवाळ्यात स्नेक पास बर्फाने किंवा दरडीने बंद असू शकतो, निघण्याआधी बघून घ्या. कॅट अँड फिडलवर कॅमेऱ्यांशी पैज लावू नका. सेंट ॲन्स वेलला रिकामी बाटली न्या. आणि चटणी.